डायरीत नोंद नाही

नशिराबादच्या टोलनाक्याच्या आसपास उन्हाळ्यात नारळपाण्याच्या गाड्या लागतात. पारा चव्वेचाळीसच्या वर गेलेला असतो, ट्रकवाले गाडी बाजूला लावून घाम पुसत उतरतात. नारळवाला कोयत्याने नारळाचं तोंड उडवतो, स्ट्रॉ खोचतो, हातात देतो. स्ट्रॉचे पैसे कुणी मागत नाही. खाली पडली तर दुसरी मिळते.

त्या स्ट्रॉकडे पाहिलं की मला ६ नोव्हेंबर २०२० ही तारीख आठवते. त्या दिवशी मुंबईच्या विशेष न्यायालयात एक अर्ज गेला होता. अर्जदार ८३ वर्षांचे, तळोजा तुरुंगात. कंपवातामुळे हात इतके थरथरत की पेला तोंडापर्यंत नेता येत नव्हता. मागणी अशी की अटकेच्या वेळी घेतलेले माझे स्ट्रॉ आणि सिपर मला परत द्या. एनआयएने उत्तरासाठी वेळ मागितला. वीस दिवसांनी, २६ नोव्हेंबरला उत्तर आलं की आम्ही त्या वस्तू घेतल्याच नव्हत्या. मग प्रश्न तुरुंग प्रशासनाकडे गेला. तोवर देशभरातून लोक पोस्टाने सिपर पाठवायला लागले होते. तुरुंगाचं म्हणणं होतं की आम्ही सोय केलेली आहे.

अर्जदाराचं नाव फादर स्टॅन स्वामी. जेझुइट धर्मगुरू, जन्म तामिळनाडूचा, आयुष्य गेलं झारखंडच्या आदिवासींमध्ये. ८ ऑक्टोबर २०२० ला रांचीजवळच्या 'बगईचा' या त्यांच्या केंद्रातून भीमा कोरेगाव प्रकरणात त्यांना अटक झाली. आमच्या गावावरून जाणारा जुना सहा नंबरचा हायवे पुढे झारखंडच्या एका कोपऱ्याला शिवून कोलकात्याला जातो. त्यापलीकडे माझा त्या माणसाशी काही संबंध नाही. मी ख्रिस्ती नाही, वकील नाही. मला हे प्रकरण लागलं ते वेगळ्या कारणाने.

माझ्या मामेभावाला काही वर्षांपूर्वी मोटरसायकल चोरीच्या संशयावरून पोलिसांनी उचललं होतं. ठाण्याचं नाव सांगत नाही, ते आमच्या गावचं नाही. एक रात्र आणि पुढचा अख्खा दिवस तो आत होता. आजी कळण्याची भाकरी आणि ठेचा डब्यात घालून बाहेर बाकावर बसून राहिली. जो बाहेर येईल त्याला म्हणायची, "साहेब, त्याले जेवन त देऊ द्या." संध्याकाळी त्याला सोडलं. चालताना लंगडत होता. मोटरसायकल नंतर दुसऱ्याच कुणाकडे सापडली. आमच्या ओळखीतल्या एका वकिलांनी चौकशी केली तेव्हा कळलं की स्टेशन डायरीत त्याचं नावच नाही. म्हणजे कागदावर तो त्या ठाण्यात कधी गेलाच नव्हता. मग मारलं कुणाला?

स्ट्रॉची बातमी वाचताना मला तेच आठवलं. आम्ही घेतलंच नव्हतं, तो इथे आलाच नव्हता. वाक्यं वेगळी, पण समोरच्याची अवस्था एकच होते. आपल्यावर जे झालं ते आधी झालं होतं, हेच त्याला सिद्ध करत बसावं लागतं.

भुसावळचा माझा एक मित्र रेल्वे कॉलनीत वाढलेला, घरात कोकणी बोलणारा कॅथलिक. स्टॅन स्वामींवर आम्ही बरंच बोललो. एकदा मी त्याला म्हणालो की तुमच्या धर्मात सगळं क्षमेवर येऊन थांबतं, पोलिसांना जाब कोण विचारणार? तो चिडला. म्हणाला, तू वाचलं नाहीस म्हणून असं बोलतोस. आणि मला दोन जागा दाखवल्या.

पहिली लूकच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायातली. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे शिपाई येतात आणि आम्ही काय करावं असं विचारतात. त्या काळात शिपाई म्हणजेच पोलीस. योहान त्यांना ना नोकरी सोडायला सांगतो, ना प्रार्थना वाढवायला. जबरदस्तीने पैसे उकळू नका, खोटे आरोप करू नका, पगारात भागवा, एवढंच त्याचं सांगणं. हप्ता, खोटी केस आणि पगार. दोन हजार वर्षं होत आली, पोलीस सुधारणेची चर्चा अजून याच तीन खुंट्यांना बांधलेली आहे.

दुसरी जागा मला जास्त आवडली. प्रेषितांची कृत्ये, सोळावा अध्याय. फिलिप्पै शहरात पौल आणि सीला यांना चौकशी न करता फटके मारून तुरुंगात टाकतात, पाय खोड्यात अडकवतात. रात्री भूकंप होतो, दारं उघडतात, तरी ते पळत नाहीत. प्रवचनात गोष्ट बहुतेक इथेच संपते, असं मित्र म्हणाला. खरी गंमत सकाळी आहे. अधिकारी निरोप पाठवतात की त्यांना सोडून द्या. पौल जायला नकार देतो. आम्ही रोमी नागरिक, आम्हाला चौकशीशिवाय चारचौघांत मारलंत आणि आता गुपचूप बाहेर काढता? ज्यांनी मारायला लावलं त्यांनी स्वतः यावं आणि आम्हाला बाहेर न्यावं, असं तो ठणकावतो. अधिकारी घाबरतात, येतात, विनवण्या करतात.

मामेभावाला सोडलं तेव्हा मागच्या दाराने सोडलं होतं. आजी पुढच्या बाकावर बसलेली होती.

तुरुंग म्हटलं की आम्हा खानदेशींना अभिमानाने धुळ्याचा तुरुंग आठवतो. १९३२ मध्ये २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी विनोबांनी तिथे गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. शाळेत हे शिकवतात, शिकवायलाच हवं. पण इथले पोलीस कसे जन्माला आले ते कुणी शिकवत नाही. १८१८ ला पेशवाई गेली आणि खानदेश कंपनीच्या हाती आला. डोंगरातल्या भिल्लांशी लढाया, फाशा, मग माफी असं सगळं करून झाल्यावर १८२५ मध्ये जेम्स औट्रम नावाच्या तरुण अधिकाऱ्याने जळगावच्या पश्चिमेला धरणगावात 'भिल्ल पलटण' उभी केली. ज्यांना लुटारू ठरवलं होतं त्यांच्याच हाती बंदूक देऊन प्रदेश शांत करायचा, ही युक्ती. ती हुशार होती आणि चाललीही. पण या पलटणीला गावाला उत्तर द्यायचं नव्हतं. उत्तर द्यायचं होतं ते साहेबाला.

पुढची व्यवस्था याच पायावर उभी राहिली. तिच्या आत काय चालतं हे इंग्रजांना ठाऊक होतं. १८५५ मध्ये मद्रास इलाख्यातल्या छळाची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल आला. सारा वसुलीसाठी आणि कबुलीजबाबासाठी लोकांचा छळ होतो, हे त्यात सरकारी कागदावर आलं. १८७२ च्या पुरावा कायद्यात पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येणार नाही, असं कलम २५ आलं. ते आजही नव्या कायद्यात वेगळ्या नंबराने जिवंत आहे. कायद्याचा मसुदा करणारे जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी पुढे एक आठवण लिहून ठेवली. भारतातला एक अनुभवी अधिकारी त्यांना म्हणाला होता, की पुराव्यासाठी उन्हात वणवण करण्यापेक्षा सावलीत बसून एखाद्या गरिबाच्या डोळ्यांत तिखट चोळणं फार सोयीचं पडतं. मे महिन्यात नशिराबादहून जळगावला दुचाकीवर गेलेल्या माणसाला हे ऊन समजावून सांगावं लागत नाही.

या सगळ्यात ख्रिस्ती लोक कुठे होते? दोन्ही बाजूंना.

एका बाजूला रेव्हरंड जेम्स लाँग. बंगालमध्ये निळीच्या शेतीसाठी गोरे मळेवाले रयतेवर जुलूम करत. दीनबंधू मित्र यांनी त्यावर 'नीलदर्पण' हे नाटक लिहिलं. त्याचं इंग्रजी भाषांतर छापून वाटल्याबद्दल १८६१ मध्ये लाँग यांच्यावर बदनामीचा खटला झाला. महिनाभर कैद आणि हजार रुपये दंड. दंड भरला कालीप्रसन्न सिंह या तरुण बंगाली लेखकाने. गोरा पाद्री, गोऱ्यांच्या राज्यात, गोऱ्यांच्या कोर्टाकडून तुरुंगात. योगायोग असा की भारताचा पोलीस कायदा याच वर्षाचा, १८६१ चा. मुंबई इलाख्याचे पोलीस कायदे वेगळे निघाले, पण घडण तीच.

दुसरी बाजू आपल्या महाराष्ट्रातलीच आहे आणि ती वाचताना मला जास्त त्रास झाला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. १९११ च्या कायद्यानंतर मुंबई इलाख्यात त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणाच्या वसाहती झाल्या. त्यातली मोठी सोलापूरची. आजही सोलापुरात त्या भागाला 'सेटलमेंट' म्हणतात. ही वसाहत काही वर्षं अमेरिकन मराठी मिशनने चालवली. मिशनऱ्यांनी शाळा काढल्या, लोकांना गिरण्यांत काम मिळवून दिलं. आणि हजेरीही घेतली. मुक्तिफौजेचे फ्रेडरिक बूथ-टकर यांनी देशात इतरत्र अशा वसाहती चालवल्या आणि त्यावर पुस्तक लिहिलं. त्याचं नाव 'क्रिमिनोक्युरॉलॉजी', म्हणजे गुन्हेगार बरा करण्याचं शास्त्र. शब्दातच सगळं आलं. समोरचा माणूस रोगी, आपण डॉक्टर. त्याने खरंच काही केलं होतं का, हे विचारायची गरज राहत नाही.

मिशनरी वाईट होते असं मला म्हणायचं नाही. बहुतेकांना कळवळाच होता. मत्तयच्या शुभवर्तमानात पंचविसाव्या अध्यायात येशू म्हणतो की मी तुरुंगात होतो आणि तुम्ही माझ्याकडे आलात. त्या वाक्यावर जगभर तुरुंगसेवा उभी राहिली. इंग्लंडमध्ये एलिझाबेथ फ्राय १८१३ मध्ये न्यूगेटच्या तुरुंगात बायकांना भेटायला गेली ती याच श्रद्धेने. आपल्याकडेही कॅथलिक चर्चची तुरुंगसेवा १९८१ पासून चालू आहे. पण कैद्याला भेटायला जाणं वेगळं आणि हा इथे का आहे म्हणून विचारणं वेगळं. भेटायला जाणाऱ्याला जेलर दार उघडून देतो. विचारणाऱ्याचं काय होतं ते लाँगपासून दिसतंय. सोलापुरात पहिलं होतं, दुसरं नव्हतं. तो कायदा मुंबई प्रांतात १९४९ ला गेला, देशभर ३१ ऑगस्ट १९५२ ला. पारध्यांच्या पालावर पोलिसांची जीप अजून पहिल्यांदा जाते.

स्टॅन स्वामींनी दुसरी वाट धरली. त्यांच्या गटाने झारखंडमधल्या १०२ कच्च्या कैद्यांचा अभ्यास केला. कच्चे कैदी म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेला नाही ते. नक्षलवादी म्हणून आत टाकलेल्या या आदिवासी तरुणांशी बोलून त्यांचं उत्पन्न काय, जमीन किती, केस कोणती, वकील आहे का, हे लिहून काढलं. मग झारखंड उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, की अशा तीनेक हजार तरुणांचे खटले लवकर चालवा. यात भक्तिगीत नाही, प्रवचन नाही. वहीत नावं लिहिणं आहे. सरकारी डायरीत ज्याची नोंद धड होत नाही त्याची नोंद दुसऱ्या कुणीतरी करणं. २०२१ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत साडेपाच लाखांवर माणसं होती आणि त्यातले सत्त्याहत्तर टक्के कच्चे कैदी होते. शंभरातल्या सत्त्याहत्तर जणांवर गुन्हा शाबित झालेला नव्हता.

क्षमेचं काय, हा माझा मूळ प्रश्न होता. मित्राने तो टाळला नाही. त्याने मला सिस्टर राणी मारिया यांची गोष्ट सांगितली. आमच्या उत्तरेला, सातपुडा ओलांडला की मध्य प्रदेश. तिथे देवास जिल्ह्यात आदिवासींना सावकारीविरुद्ध उभं करणाऱ्या या नन. २५ फेब्रुवारी १९९५ ला धावत्या बसमध्ये त्यांना भोसकून मारलं. मारणाऱ्या समंदर सिंहला जन्मठेप झाली. २००२ मध्ये राणी मारियांच्या धाकट्या बहिणीने, त्याही ननच, तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली. पुढे कुटुंबाने त्याच्या सुटकेला साथ दिली आणि २००६ मध्ये तो बाहेर आला. ओडिशात नवरा आणि दोन लहान मुलं जिवंत जाळली गेली तेव्हा ग्लॅडिस स्टेन्स यांनीही क्षमा केली. खटला मात्र चालला आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुख्य आरोपीची जन्मठेप कायम ठेवली.

मला त्या राखीपुढे बोलता आलं नाही. पण नंतर विचार केला तेव्हा वाटलं, इथे ज्याला क्षमा झाली त्याने काय केलं ते कोर्टात आधी ठरलेलं होतं. नाव होतं, तारीख होती, शिक्षा होती. राखी त्यानंतर आली. आमच्या आजीने क्षमा करायची म्हटली तर कुणाला करायची? डायरी म्हणते तसं काही घडलंच नाही.

म्हणून मला मुंबईतल्या एका ख्रिस्ती बापाची लढाई जास्त जवळची वाटते. एप्रिल २०१४ मध्ये त्याच्या पंचवीस वर्षांच्या मुलाला वडाळा रेल्वे पोलिसांनी चोरीच्या संशयावरून पकडलं. मुलगा परत आला नाही. पोलीस म्हणाले, तो पळाला आणि लोकलखाली आला. बापाने ते मानलं नाही. उच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे दिला आणि त्याच प्रकरणात राज्यातल्या सगळ्या पोलीस ठाण्यांत सीसीटीव्ही लावायचे आदेश दिले. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोच आदेश देशभरासाठी दिला. आज ठाण्याच्या व्हरांड्यात तुम्हाला कॅमेरा दिसतो, त्यामागे असे बाप आहेत. कॅमेरा चालू असतो का, हा वेगळा विषय.

पुन्हा तळोजाकडे येतो. २२ मार्च २०२१ ला विशेष न्यायालयाने स्टॅन स्वामींचा जामीन फेटाळला. यूएपीएमध्ये आरोप सकृद्दर्शनी खरे वाटले तरी जामीन अडतो, त्यामुळे वय आणि कंपवात यांचा फारसा उपयोग नसतो. २१ मेला ते व्हिडिओवरून उच्च न्यायालयासमोर आले. आलो तेव्हा मी स्वतः खात होतो, लिहीत होतो, अंघोळ करत होतो, आता काहीच होत नाही, असं त्यांनी सांगितलं. जेजे रुग्णालयात जायला नकार दिला. जायचंच तर रांचीला, आपल्या माणसांत. शेवटी त्यांना वांद्र्याच्या होली फॅमिली हॉस्पिटलमध्ये हलवलं. तिथे कोरोना झाल्याचं निघालं. ५ जुलै २०२१ ला जामिनाच्या सुनावणीतच हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी कोर्टाला सांगितलं की अर्जदार दुपारी वारले. खटला सुरूच झाला नव्हता.

त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये बाहेरून फाईली घुसवल्या होत्या, असा अहवाल बचाव पक्षाने नेमलेल्या आर्सेनल या अमेरिकी कंपनीने डिसेंबर २०२२ मध्ये दिला. तपास यंत्रणेला हे मान्य नाही. यातलं खरं काय ते कोर्टात तपासलं जायला हवं होतं, आणि उत्तर द्यायला आरोपी जिवंत असायला हवा होता. मुंबईचे फादर फ्रेझर मस्करेन्हास त्यांच्या माघारी त्यांचं नाव निर्दोष ठरवून घेण्यासाठी उच्च न्यायालयात गेले. मेलेल्या माणसासाठी जामीन मागता येत नाही, पण कागदावरचा डाग पुसा असं म्हणता येतं.

एक गोष्ट मात्र मला सिपरपेक्षाही खोल रुतली. मृत्यूनंतर दोन आठवड्यांनी, १९ जुलैला, न्यायमूर्ती एस. एस. शिंदे सुनावणीत त्यांच्या कामाबद्दल आदराने बोलले. एनआयएने हरकत घेतली. २३ जुलैला न्यायमूर्तींनी ते तोंडी उद्गार मागे घेतले. मी कायद्याच्या अंगाने त्यावर टीका करत नाही, तेवढी माझी समज नाही. एवढंच दिसलं की त्या माणसाबद्दलचा चांगला शब्दसुद्धा नोंदीत राहिला नाही.

मागच्या दिवाळीत मित्र नशिराबादला आला होता. फराळ झाल्यावर मामेभाऊही येऊन बसला. महाराष्ट्र पोलीस कायद्यात २०१४ च्या दुरुस्तीने पोलीस तक्रार प्राधिकरण आलं. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये प्रकाश सिंह खटल्यात सांगितलं होतं, त्याची ही आठ वर्षांनी झालेली अंमलबजावणी. कोठडीतला मृत्यू, गंभीर इजा, बलात्कार, पैसे उकळणं यांच्या तक्रारी तिथे करता येतात. कायदेशीर पद्धत न पाळता कुणाला डांबून ठेवलं असेल तर तीही. मित्र म्हणाला, उशीर झालाय, पण लिहून तर ठेवू. त्याने वही घेतली आणि माझ्या मामेभावाला विचारलं, कधी नेलं होतं तुला?

मामेभाऊ गप्प. आजी आता नाही, तिला बरोबर आठवलं असतं.

"तारीख नाही सांगता येत," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "पोळ्याचा आदला दिवस होता. बैल धुवून घरी आलो होतो, हात ओलेच होते."

मी मोबाईलवर कॅलेंडर मागे सरकवायला लागलो. त्या वर्षीची श्रावणातली अमावस्या सापडली. एक दिवस आधी. मित्राने वहीत तारीख लिहिली, त्यापुढे वार लिहिला आणि मग विचारलं, "किती वाजता?"